सरळ पंखांची माशी

तुम्ही मला एखाद्या लग्नात भेटला असाल, तर लाजऱ्या माश्यांची गोष्ट तुम्ही नक्की ऐकलेली असणार. पंगत उठते, लोक पान चघळत खुर्च्या ओढतात, आणि कुणीतरी म्हणतंच — सुजाताताई, ती माश्यांची सांगा ना! मग मी पदर खोचते. मायक्रोस्कोपवर वाकलेल्या माझ्या मैत्रिणीची नक्कल करते. एक डोळा मिटून, मान वाकडी करून — “दिसतंय... दिसतंय... अगं बाई, गेलं!” — आणि लोक हसून हसून पाण्याचे ग्लास सांडतात. माश्यांना पाहुणे आले की त्या लाजतात आणि आपला शोध लपवून ठेवतात, अशी ती गोष्ट. हमखास चालते. बारशालाही चालते, निवृत्तीच्या समारंभालाही.

त्या गोष्टीत एक मोठी गंमत आहे. तिच्यात मी नाही.

माश्या आहेत, मैत्रीण आहे, कॉलेज आहे. सगळं घडलं तसंच आहे. फक्त मला वगळून सांगायची कला मी इतकी घासूनपुसून चकचकीत केली आहे की, मी त्या खोलीत होते हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आज मी स्वतःला त्यात घालून सांगणार आहे. हे नवऱ्याला माहीत नाही. बाबा गेले, त्यांनाही कळलं नाही. आणि मृणालला — ती मैत्रीण — तिला तर नाहीच नाही.

आधीच सांगून ठेवते. डोळ्याला पदर लावून बोलणारी बाई हवी असेल, तर तुमची निराशा होईल. मला हे आठवलं की अजून गालात हसू येतं. हाच तर खरा त्रास आहे. पण थांबा. एकदम तिथे नको.

ताथवड्याच्या एका कॉलेजात आम्हा दोघींची प्रयोगशाळा होती. तिसरा मजला, दोन खोल्या, मध्ये दार नसलेली चौकट. खिडकीतून एकामागून एक उगवणारे टॉवर दिसायचे. आमच्याकडे फळमाश्या होत्या. पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्याच इवल्याशा. काचेच्या बाटल्यांत, कापसाच्या बोळ्याखाली. त्यांचं जेवण आम्ही घरच्यासारखं शिजवायचो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, घट्ट व्हायला अगर-अगरची पूड. त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर असा आंबूस वास सुटायचा की खालचा वॉचमन जिन्यातूनच विचारायचा, “म्याडम, आज कुठली भट्टी लावली?”

मृणाल प्राधिकरणातली. बंगला, दारात अनंताचं झाड, वडील मोठ्या कंपनीत इंजिनिअर. मी दापोडीची. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर, आई दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये. आम्ही एमएस्सीला एका बाकावर बसलो, पीएचडी एकाच वेळी संपवली, आणि एकाच कॉलेजात लागलो. डबा एकत्र. माझ्या डब्यातली सुकट ती मधल्या सुट्टीच्या आधीच चोरून संपवायची आणि मग दिवसभर माझ्याकडे वेलदोडे मागायची — घरी वास नको म्हणून. ती मला सुजे म्हणायची, मी तिला मृणे. अशी मैत्री.

आता थोडं विज्ञान सांगते. घाबरू नका, मी ते चहाच्या टपरीवर सांगितलं होतं आणि टपरीवाल्यालाही कळलं होतं.

मज्जापेशी म्हणजे फार लांबलचक प्रकरण. तिचं मुख्य ऑफिस एका टोकाला आणि काम करायची जागा पार दुसऱ्या टोकाला. समजा, डिझाइन ऑफिस पिंपरीत आहे आणि प्लान्ट चाकणला. पिंपरीत एक ड्रॉइंग तयार होतं, की चाकणला अमुक पार्ट बनवा. हे ड्रॉइंग म्हणजे आरएनए. निरोपच म्हणा ना. आता हा निरोप वाटेत भोसरीलाच कुणी उघडला तर? भोसरीवाले उत्साही लोक, ते तिथेच पार्ट बनवायला घेतील. चाकणला काही नाही, भोसरीत नको तो पसारा. म्हणून पेशीत काही प्रथिनं असतात. ती निरोपाला घट्ट धरतात, त्याचं तोंड बंद ठेवतात, आणि पोचायच्या जागी पोचल्यावरच हात सोडतात. आरएनए-बाइंडिंग प्रोटीन्स म्हणतात त्यांना. गर्भात जेव्हा मज्जातंतूंची वायरिंग चाललेली असते, कुठली तार कुठल्या स्नायूला जोडायची, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, तेव्हा यांच्यावाचून पान हलत नाही. माशीतलं प्रथिन आणि माणसातलं प्रथिन ही चुलत भावंडं. माणसाच्या बाळात अशा एखाद्यात बिघाड झाला तर मेंदूची घडण चुकते. म्हणून तर माश्या पाळायच्या.

आमच्या एका बाटलीतल्या माश्यांत अशाच एका प्रथिनाचं जनुक बिघडलेलं होतं. आणि त्यांच्या अंड्यांत, गर्भाच्या पोटाच्या भिंतीत, मृणालला एक मज्जातंतू दिसला. नीट सरळ जाऊन स्नायूला भिडायचा, तो अर्ध्या वाटेतच फाटा फोडून भरकटत होता. इतका बारीक फाटा की मी तीनदा बघितलं तेव्हा मला दिसला. तिला पहिल्या नजरेत. नजर तिची होती — हे सांगताना आजही माझे दात शिवशिवतात — पण तशी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

आणि अर्थ माझा होता. डांगे चौकातल्या त्या टपरीवर, हातातला चहा सांडत, मीच तिला म्हटलं, “मृणे, अगं निरोप भोसरीलाच उघडतोय!” तिने ग्लास बाकावर ठेवला. मग टपरीसमोर, रस्त्यात, तिने मला मिठी मारली. एक रिक्षावाला म्हणाला, “ओ ताई, घरी जाऊन!”

मग कॉलेजात सेमिनार ठेवला. बाहेरून पाहुणे येणार होते. मी बाबांना बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, आणि पहिल्या रांगेत बसले. पोरीचं काम बघायला.

मृणाल बोलायला उभी राहिली. आणि तिने पिंपरी, भोसरी, चाकण सगळं सांगितलं. माझ्या शब्दांत. माझ्या हातवाऱ्यांत! भोसरीवाले उत्साही लोक, हे वाक्यसुद्धा. लोक हसले, मग गप्प झाले, मग टाळ्या. मी वाट बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल. शेवटी ती माझ्याकडे हात करून हसत हसत म्हणाली, “आणि हे सगळं जिच्यामुळे जिवंत आहे ती ही आमची सुजाता. आमच्या माश्यांची मावशी!”

सभागृह हसलं. खूप हसलं. मी काय केलं असेल? मी उठले, नाटकाच्या शेवटी नटी वाकते तशी वाकले, आणि दोन्ही हातांनी नमस्कार केला. आणखी हशा. मी आहेच तशी. कुणी माझ्यावर हसायला लागलं की मी त्यांच्या पुढे एक पाऊल टाकते, म्हणजे ते हसू मीच काढलं असं वाटतं.

परत येताना बसमध्ये बाबांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, “मावशी का म्हनली गं ती?”

“गमतीत हो, बाबा.”

“मावशी तुझी माय व्हती. कँटीनात. मरंस्तवर तिचं नाव कुनाला ठावं नव्हतं तिथं.” आणि मग, “तू तर डॉक्टर हाईस ना?”

मला मावशी या शब्दाची लाज नाही, हे नीट समजून घ्या. त्या शब्दाने आम्हाला जेवू घातलं. पण आईने ताटं घासली ती मला नावाने हाक मारली जावी म्हणून. आणि माझं नाव त्या दिवशी हशात गेलं, बाबांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी मी मृणालला म्हटलं. फार नाही, थोडं. ती म्हणाली, “अगं, प्रेमाने म्हटलं! मावशी म्हणजे आईची बहीण. तू कधीपासून एवढी हळवी झालीस?” आणि माझ्या डब्यातली सुकट उचलली. मुलं मावशी म्हणायला लागली. शिपाई म्हणायला लागला. आणि ती स्वतःही. आता मला सुजे नाही, मावशीच.

मी हसत राहिले. आणि आत — काय सांगू — आत काहीतरी फार छान उकळायला लागलं.

माश्यांची एक रीत असते. त्या जुन्या बाटलीत फार दिवस टिकत नाहीत, जेवण सुकतं. म्हणून ठरावीक वारी त्यांना नव्या बाटलीत ओतायचं. आमचा वार बुधवार. हे काम माझं, कारण माझा हात हलका होता आणि तोंड चालू असलं तरी हात चालायचा. जुनी बाटली टेबलावर आपटायची, माश्या तळाला पडतात, झटकन बोळा काढायचा, नवी बाटली वर उपडी, उलटं करून पुन्हा आपटायचं. त्या क्षणात एखादी मोकाट माशी नव्या बाटलीत शिरली, की वंश बाटला.

पण कळतं. आमच्या त्या बिघडलेल्या जनुकाच्या माश्यांना एक खूण होती. बिघाड आई-बाप दोन्हीकडून आला तर माशी मोठी होण्याआधीच मरते. एकाच बाजूने आला तर जगते. म्हणून दुसऱ्या बाजूला अशी खूण बसवलेली असते की जगलेल्या प्रत्येक माशीचे पंख टोकाला वर वळलेले. त्या बाटलीतली एकूण एक माशी वळलेल्या पंखांची असलीच पाहिजे. सरळ पंखांची एक जरी दिसली, तरी समजायचं की बाहेरचा नर आत शिरून गेला, ही त्याची लेक. मग ती बाटली फेकायची आणि थंड कपाटातली कॉपी काढायची. प्रत्येक वंशाची एक कॉपी आम्ही थंडीत सांभाळायचो, नेमकी अशाच वेळेसाठी. आणि सहकाऱ्याला सांगायचं. इतका साधा नियम. पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना शिकवतात.

एका बुधवारी मी माश्या गॅसने झोपवून, मायक्रोस्कोपखाली पसरून, मऊ ब्रशने इकडून तिकडे करत होते. आणि ती दिसली. वळलेल्या पंखांच्या गर्दीत एक माशी, पंख कसे ताठ, सरळ, पाठीवर शाल ओढल्यासारखे नीट. मग तिच्या शेजारी आणखी एक.

चूक माझीच होती. मागच्या खेपेला मी मुलांना कुठलीशी गोष्ट सांगत बाटल्या ओतल्या होत्या, बोळा जरा जास्त वेळ हातात राहिला होता. मला ते आठवलंसुद्धा. मी मान वर केली. मी सांगणार होते, खरंच. चौकटीपलीकडे ती बसली होती. मी हाक मारली, “मृणाल —”

आणि तिकडून, डोळे न उचलता, लाडात, “काय गं, मावशी?”

मी म्हटलं, “काही नाही.”

बस. एवढंच. गुन्हा म्हणावा असा हाच क्षण असेल, तर तो इतकासा होता. चूक कबूल न केलेली माणसं जगात किती असतील! एवढ्यावर थांबले असते तर मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं. आठ-पंधरा दिवसांत सरळ पंखांच्या माश्या इतक्या वाढल्या असत्या की मृणालला आपोआप दिसलं असतं. मला चार शिव्या बसल्या असत्या. कॉपी काढली असती.

पण मी काय केलं माहीत आहे? मी ब्रशने त्या सरळ पंखांच्या माश्या बाजूला काढल्या आणि वैकुंठात टाकल्या. साबणाच्या पाण्याची बाटली असायची आमच्याकडे, नकोशा माश्या बुडवायला. तिला आम्ही वैकुंठ म्हणायचो. पुढच्या बुधवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा. सरळ दिसली की वैकुंठ. बाहेरून बघणाऱ्याला बाटली निर्मळ. सगळे पंख वळलेले. आतून मात्र वंश पातळ होत चालला होता, कारण त्या मोकाट नराच्या अर्ध्या पोरांना आईकडून वळलेलेच पंख मिळत होते आणि ती मी ठेवत होते. वळलेले पंख होते, पण त्यामागे बिघडलेलं जनुक असेलच असं नाही. खूण राहिली आणि ज्याची खूण ते हळूहळू निघून गेलं. यापेक्षा सुबक काही मी आयुष्यात केलेलं नाही. हातात एवढासा ब्रश. ना आवाज, ना डाग. त्या बुधवारांची मी वाट बघायचे हो! नवी साडी नेसून जायचे.

मग ते सुरू झालं. आधी काही अंड्यांत फाटा दिसायचा, काहींत नाही. मग एखाद्यातच. मग तिचं ते — “दिसतंय... दिसतंय... गेलं!” लग्नात मी नक्कल करते ना, ती ही. तिचा शोधनिबंध छापायला गेला होता आणि तपासणाऱ्यांनी तिला तोच प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हणून कळवलं होतं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायला लागली. रसायनं बदलली. मायक्रोस्कोपचं भिंग पुसून पुसून घासलं. माश्यांचे पंख तपासले. सगळे वळलेले, अर्थातच. बाहेर पाठवून जनुक तपासून घेता आलं असतं, पण तिचा संशय माश्यांवर नव्हताच. मावशीच्या हाताखालच्या माश्यांवर कोण संशय घेणार? संशय तिला स्वतःवर येत होता.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. डोळे लाल. मावशी नाही म्हणाली. म्हणाली, “सुजे, तू बघ ना. मला दिसत नाहीये, की नाहीच आहे?”

मी जाऊन बसले. निवांत बघितलं. स्क्रू फिरवला, पुन्हा बघितलं. तार सरळ जाऊन स्नायूला भिडली होती. कुठे फाटा नाही. मी म्हटलं, “नाही दिसत गं.” शब्द न् शब्द खरा. इतकं खरं बोलून मी कुणाचा गळा कधी दाबला नव्हता.

आता — आता येते. इतका वेळ फिरत होते ते याच्याभोवतीच.

दोन दिवसांनी ती म्हणाली, “थंड कपाटातली कॉपी काढू या का? एकदा तिच्यावर करून बघते.” तिला सुचलं शेवटी. हुशार होतीच. “तू काढून देतेस?” मी म्हटलं, देते. मी थंड कपाट उघडलं. कॉपीची बाटली समोर होती. मी ती हातात घेतली, उजेडात धरली. निर्मळ होती. ती बाटली तिच्या हातात दिली असती तर आठवड्याभरात सगळं तिला परत मिळालं असतं. नाव, शोध, टाळ्या. मी ती मागच्या फळीवर, दुसऱ्या बाटल्यांच्या आड ठेवली. टेबलावरच्या बाटलीतल्या थोड्या माश्या नव्या बाटलीत ओतल्या, तिच्यावर कॉपीचंच लेबल लावलं, कपाटात ठेवून गार केली. आणि तिला नेऊन दिली. गार बाटली तिने दोन्ही हातांनी घेतली. म्हणाली, “तू आहेस म्हणून गं.”

ती चूक नव्हती. विसर नव्हता. दोन्ही बाटल्या समोर होत्या आणि मी निवडली.

त्या माश्यांतही फाटा नव्हता. मग तिने निबंध मागे घेतला. तिला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण मृणाल सरळ बाई. त्याच सभागृहात ती उभी राहिली आणि म्हणाली, मला जे दिसलं असं वाटलं ते तिथे नव्हतं, मी घाई केली, माझ्या डोळ्यांनी मला फसवलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. बाबा बसले होते त्याच खुर्चीवर — मुद्दाम लवकर जाऊन धरली होती. कुणी हसलं नाही, याचं मला वाईट वाटलं. घरी येताना मी जिलबी घेतली. बाबा म्हणाले, “कशाची गं?” मी म्हटलं, “असंच.” त्यांनी चवीने खाल्ली. गोड होती का? होती. खोटं कशाला बोलू — अजून जिभेवर आहे.

नंतर एका सुट्टीत, इमारतीत कुणी नसताना, मी मागच्या फळीवरच्या खऱ्या कॉपीतली अंडी काढली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. मला तीनदा बघावं लागलं. फाटा होता. स्वच्छ. तार अर्ध्या वाटेतच, भोसरीलाच, फुटलेली. ती बरोबर होती. पहिल्यापासून. जगात ही गोष्ट ठाऊक असलेली मी एकटी.

मृणालने पुढे संशोधन सोडलं, मग कॉलेजही. नवऱ्याचा चाकणला रबरी वायसर आणि गॅस्केट बनवायचा छोटा कारखाना आहे, तिथे बसायला लागली. भेटी कमी झाल्या, फोन चालू राहिले. मी विभागप्रमुख झाले. आणि माझी लाजऱ्या माश्यांची गोष्ट लग्नांत गाजायला लागली.

परवाच्या खंडेनवमीला तिने यंत्रांच्या पूजेला बोलावलं. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकत कशीबशी पोचले. प्रेसला झेंडूचे हार, पाटावर पेढे, कामगार नव्या कपड्यांत. तिने हात धरून मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, “या डॉक्टर सुजाता. माझी मैत्रीण. माश्यांच्या मज्जातंतूंवरचं पुण्यातलं कुठलंही काम यांच्याशिवाय झालेलं नाही. पिंपरी-भोसरी-चाकणची ती गोष्ट मी तुम्हाला सांगते ना, ती यांची.”

माझं नाव. सगळ्यांसमोर. माझी गोष्ट, माझ्या नावावर. ती ते इतक्या सहज म्हणाली की नेहमीच म्हणत असावी, असं वाटलं.

मग पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता तिने शेजारच्या खोक्यातून एक काळी रबरी कडी उचलली, खिडकीकडे धरली, फिरवली, आणि माझ्यापुढे केली. “बघ ना जरा. इथे चीर आहे, की मलाच वाटतंय?”

शेजारी उभा असलेला फोरमन हसला. “ताईंचं हे रोजचं हाय. दोघातिघांना दाखिवल्याबिगर एक पीस पुढं सोडत न्हाईत. आमी म्हनतो, ताई, तुमाला आमच्या आधी दिसतंय, मग इचारताय कशाला?”

“गप रे,” ती म्हणाली. “डोळ्यांचा काही भरवसा नसतो.”

मी कडी हातात घेतली. चीर होती. ढळढळीत. चष्म्याशिवाय दिसत होती. जी बाई एका गर्भातला केसाएवढा फाटा पहिल्या नजरेत बघायची, ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

“आहे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

तिने सुटकेचा श्वास सोडला. कडी भंगाराच्या डब्यात टाकली. म्हणाली, “तू सांगितलंस म्हणजे आहे.”

मी तोंड उघडलं. म्हटलं, “मृणाल —”

ती वळली. “काय गं, सुजाता?”

मी म्हटलं, “काही नाही.”

खऱ्या कॉपीची ती बाटली अजून आहे. मी ती का फेकली नाही, असं तुम्ही विचाराल. आधी फेकली नाही ती जिंकलेला करंडक कुणी फेकतं का म्हणून. आता का फेकत नाही, ते मला सांगता येत नाही आणि मी प्रयत्नही करत नाही. प्रयोगशाळेत नवी मुलं आली, नवे प्रयोग आले, त्या वंशाचं नाव कुणाला ठाऊक नाही. मागच्या फळीवरची ती बाटली मी एकटीच सांभाळते. थंडीत माश्या सावकाश वाढतात, तरी जेवण सुकतं, ओतावं लागतं. ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ओतताना आता गोष्टी सांगत नाही. दार लावून घेते.

आज बुधवार. आत्ताच ओतल्या. झोपवून, पसरून, एक एक ब्रशने सरकवून बघितली. मोकाट नर शिरलेला नाही. एकही सरळ नाही. सगळ्यांचे पंख वळलेले आहेत.